उंबरठ्यावरची मुलं – लेखांक ६ : ‘याला ठेवून घ्या’

मानसोपचाराच्या ओपीडीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईवडील बहुतेक वेळा एकच वाक्य मनात घोळवत आलेले असतात. केसपेपरवर नाव, वय, इयत्ता लिहून होईपर्यंत ते कसाबसा दम धरतात. मग वडील खुर्ची पुढे ओढतात. ‘‘डॉक्टर, याला ठेवून घ्या.’’ मुलगा पंख्याकडे बघत असतो. किती दिवस ठेवायचं, ठेवल्यावर तिथे नेमकं काय होणार, हे त्या घडीला कुणी विचारत नाही. पाकीट उशीखाली घेऊन झोपायची वेळ आलेल्या माणसांना एक रात्र सलग झोप हवी असते. ती मागण्यात गैर काही नाही. पण ठेवून घेतलं म्हणजे उपचार झाला, हा समज मात्र घात करतो.

गेल्या आठवड्यात आपण पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, ‘बटन’ या नावाने खपणाऱ्या झोपेच्या गोळ्या, गांजा आणि एमडी (मेफेड्रोन) यांची ओळख करून घेतली. आज मुलाला घराबाहेर ठेवून जे उपचार होतात, त्यांच्याविषयी.

तसं पाहिलं तर उपनगरातल्या मराठी घराला निवासी उपचार नवा नाही. त्याचं जुनं नाव ‘गावी पाठवणं’. शाळेतून दोनदा बोलावणं आलं, खिशात काडेपेटी सापडली, की मुलाची रवानगी मामाकडे, चिपळूणला नाहीतर कराडला. या पद्धतीला हसू नये. पुरवठा तुटतो, कट्टा सुटतो, हाताला काम मिळतं. पुढे वर्णन केलेल्या केंद्रांमध्येही या तीन गोष्टी असतातच. पण मामाला कुणी काही सांगितलेलं नसतं. मुलाचं काय बिनसलं हे त्याला ठाऊक नसतं, आईवडिलांनाही नसतं. जूनमध्ये पोरगा अंगाने भरून परत येतो आणि इमारतीखालचा कट्टा होता तिथेच असतो.

दुसरा जुना उपाय म्हणजे ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी. मुंबईत मुलांना ठेवून घेण्याची परंपरा मोठी आहे. माहीमची डेव्हिड ससून संस्था १८५७ची, मुलांसाठीचा मुंबईचा कायदा १९२४चा, डोंगरी-मानखुर्दच्या बालगृहांमागची चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ची. त्या यंत्रणेचं काम निराधार आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना सांभाळण्याचं. घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या, नववीतल्या, गांजा ओढणाऱ्या मुलासाठी ती उभी राहिलेली नाही. तरी धमकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि तिचा परिणाम असा की खरोखरच उपचारासाठी भरती करायची वेळ आली, तर मुलाला ती शिक्षाच वाटते.

शिक्षा आणि उपचार यांची फारकत मराठी माणसाला समजावली ती पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने, आणि तेही एका लेखमालेतून उगवलेलं काम. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये पुढे केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याला केंद्र सुरू झालं. मारहाण नाही, अपमान नाही, व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच समुपदेशक, आणि बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा. भरतीचा मुक्काम ३५ दिवसांचा. उपनगरातून कित्येक घरांनी आपला माणूस तिथे नेला आहे. पण हा मुक्काम बेतलेला आहे प्रौढ माणसासाठी: ज्याची नोकरी गेली, बायको माहेरी गेली, म्हणजे ज्याच्याकडे गमावल्याचा हिशेब आहे. सोळा वर्षांच्या मुलाकडे असा हिशेब नसतो. व्यसनाने त्याला अजून फक्त मित्र मिळवून दिलेले असतात.

म्हणून मुलगा म्हणजे लहान आकाराचा दारुडा, असं धरून चालत नाही. हे सर्वांत नेमकं कुठे लिहिलेलं असेल, तर ते चक्क एका कायद्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्थाही येतात. कलम ८७ अल्पवयीन मुलाच्या भरतीविषयी आहे. पालकाने अर्ज करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचं, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. घरी राहून उपचार शक्य नाहीत, असं दोघांचंही मत हवं. भरतीची खबर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची. ३० दिवसांपुढे मुक्काम गेला तर मंडळाने तपासणी करायची. मुलाची राहण्याची जागा प्रौढ रुग्णांपासून वेगळी हवी. आणि शेवटची अट अशी, की पालक किंवा पालकाने नेमलेली व्यक्ती भरतीच्या संपूर्ण काळात मुलासोबत तिथेच राहिली पाहिजे.

ही अट ऐकली की ‘ठेवून घ्या’ म्हणणारे वडील गप्प होतात. आम्ही राहायचं? वडिलांची पाळी रात्रीची, आई पार्ल्याला पोळ्या लाटायला जाते, धाकटीची परीक्षा. अनेक केंद्रचालकही ही अट कागदावरची म्हणून सोडून देतात. मला मात्र सगळ्या कायद्यात हीच ओळ सर्वांत शहाणी वाटते. मुलाला सोडून जायचं नाही, त्याच्यासोबत भरती व्हायचं. कारण तीस दिवसांनी तो जिथे परतणार आहे ती दहा बाय बाराची खोली, तिथलं बोलणं, तिथला आरडाओरडा हे सगळं कुणीतरी सोबत आणलेलं असेल तरच त्यावर काही करता येईल. समुपदेशकासमोर आई-मुलगा पाच मिनिटं बोलू लागले की घरात काय होतं ते दिसतं. प्रश्न मुलाला विचारलेला असतो, उत्तर आई देते. आजी राहिली तर आणखी वेगळं दिसतं: पैसे कोण पुरवत होतं, ते.

वेगळी जागा कशासाठी, हेही समजून घेण्याजोगं आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली ५०६ मुलांचा एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना मार्गदर्शक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं दिली; निम्म्यांना काहीच नाही. ही मदत थांबल्यावर तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ही माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण ती आठवून कृतज्ञता व्यक्त करत होते. पण गुन्हे, दारू, अकाली मृत्यू या बाबतींत त्यांची अवस्था मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. सर्वांत जास्त नुकसान, एकापेक्षा अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांचं. १९९९ साली मॅककॉर्ड आणि थॉमस डिशन यांनी याचं जे कारण मांडलं, ते आपल्या कुठल्याही कट्ट्यावर उभं राहून पडताळता येईल. एक मुलगा नियम मोडल्याची गोष्ट सांगतो, बाकीचे हसतात. ते हसू हेच बक्षीस. बिघडलेली दहा मुलं एका खोलीत ठेवली आणि मोठं माणूस बाजूला झालं, की बक्षिसांची खैरात चालू. त्यात एखादा चाळिशीतला गर्दुल्ला असेल तर विचारायलाच नको. एमडी कुठे मिळतं हे न माहीत असलेला मुलगा पत्ता घेऊन घरी येतो.

मग चांगल्या निवासी उपचारात घडतं काय? पहिले काही दिवस निव्वळ वैद्यकीय. ‘बटन’ची सवय असलेल्याने गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. एमडी सुटल्यावर मुलगा दिवसचे दिवस झोपतो आणि उठला की त्याला सगळंच निरर्थक वाटतं. आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवायची हीच वेळ. सोल्यूशन हुंगणाऱ्याला उतारा म्हणून देण्यासारखं खास औषध नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातली १.१७ टक्के मुलं हुंगायचे पदार्थ वापरताना आढळली, प्रौढांमध्ये प्रमाण ०.५८ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त, असा हा एकच पदार्थगट.

शरीर सावरलं की खरं काम सुरू होतं, आणि ते बरंचसं कंटाळवाणं असतं. ठरलेल्या वेळी उठणं, ताट घासणं, खेळ, गटात बसणं, एकट्याने बोलणं. याच काळात तपासण्या होतात. इतकी वर्षं ‘वांड’ म्हटलं गेलेल्या मुलाला अतिचंचलता आहे किंवा अध्ययन-अक्षमता आहे, हे नववीत कळणं ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. शीवच्या पालिका रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते, दाखला मिळतो, परीक्षेत सवलत मिळते. पण त्या दारापर्यंत मुलगा पोचतो तो नशेच्या वाटेने फिरून. वाचता न येणाऱ्याला वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर मान मिळतो, हे कुणीतरी आधी बघायला हवं होतं.

मुलांसाठी म्हणून उभं राहिलेलं एक काम आपल्या जवळच आहे. ठाण्याचे विजय जाधव यांचं ‘समतोल फाउंडेशन’ रेल्वे स्थानकांवर सापडलेल्या, घर सोडून आलेल्या मुलांना कल्याणजवळच्या मामणोलीत ४५ दिवसांच्या मनपरिवर्तन शिबिराला नेतं. यातली बरीच मुलं कसली ना कसली नशा करत असतात. मला यात मोलाचं वाटतं ते त्याचं टोक: शिबिर संपतं ते मुलाला आईवडिलांच्या हाती देऊन. पंचेचाळीस दिवस मुलावर जेवढं काम, तेवढीच धडपड त्याचं घर शोधण्याची.

याच्या अगदी उलट टोकाला गाडी पाठवणारी केंद्रं. आईवडिलांनी फोन करायचा, रात्री चार माणसं येणार, झोपलेल्या मुलाला उचलून नेणार, महिनाभर भेट नाही, फोन नाही. अमेरिकेतही असा मोठा धंदा बोकाळला होता. तिथून बाहेर पडलेल्यांनी, त्यांत पॅरिस हिल्टनसारखी नटीही होती, वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर डिसेंबर २०२४मध्ये तिथे या संस्थांमधल्या छळाविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडे २०१७च्या कायद्याने साखळदंड, सक्तीचं मुंडण, सक्तीचे गणवेश, सक्तीचं काम हे सारं निषिद्ध ठरवलेलं आहे. तेव्हा केंद्र बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात? मुलं रात्री कुठे झोपतात, ती खोली दाखवा म्हणा. आणि ‘मी सोबत राहू का?’ हे जरूर विचारा. उत्तराआधी समोरच्याचा चेहरा काय म्हणतो, तेही पाहा.

शिवाय भरती हे पहिलं पाऊल नव्हे. मुंबई-ठाण्यातल्या बहुतेक मुलांचं काम आठवड्याला एकदा ओपीडीत येऊन, आईवडिलांसह समुपदेशन घेऊन होऊ शकतं. मुलुंडकरांना तर १९०१पासूनचं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. त्या नावाची धास्ती सोडली तर. फोनवर बोलून सुरुवात करायची असेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत.

२०१७च्या कायद्यातली एक बारीक तरतूद राहिली. भरती असताना मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली, तर त्या दिवसापासून तो स्वतंत्र रुग्ण ठरतो. राहायचं की नाही हे मग मुख्यतः त्याच्या मर्जीवर. बारावीच्या वर्षातल्या मुलाला ‘ठेवून घ्या’ म्हणणाऱ्यांनी आधी जन्मतारीख पाहावी.

पुढच्या भागात, घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने: बुडालेली हजेरी, सतरा नंबरचा फॉर्म, शेजाऱ्यांना काय सांगायचं, आणि मोबाइल परत कधी द्यायचा.