माल लपलाय की काटाच चुकलाय? ‘डार्क मॅटर’चं कोडं, सोप्या भाषेत

समजा, ट्रकमध्ये कांद्याच्या 60 पिशव्या भरल्या. पिशवी 50 किलोची, म्हणजे माल झाला 30 क्विंटल. ट्रक वजनकाट्यावर घातला, रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं आणि काटा दाखवतोय 180 क्विंटल! आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर गाडीत आपल्याला न दिसलेला 150 क्विंटल माल आहे, नाहीतर काटाच बिघडलाय.

जगभरचे खगोलशास्त्रज्ञ गेली 90 वर्षं याच पेचात आहेत. त्यांचा ट्रक म्हणजे आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह. आणि त्यांचा काटा म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियम.

आकाशातलं वजन करतात कसं?

गोफण फिरवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दगड जितका जोरात फिरवाल, तितकी दोरी हाताला ओढते. दोरी कमजोर असेल तर ती तुटते आणि दगड भिरकावला जातो. सूर्याभोवती ग्रह असेच फिरतात, फक्त दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण असतं. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर पळतो, पृथ्वी 30 आणि पार लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांब गेलं की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. उलट हिशेब केला, तर फिरण्याच्या वेगावरून मधे किती वजन आहे ते काढता येतं.

1933 मध्ये फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञानं ‘कोमा’ नावाच्या दीर्घिकांच्या समूहाचा असा हिशेब मांडला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगात होत्या की दिसणाऱ्या वजनाच्या जोरावर तो समूह केव्हाच पांगायला हवा होता. तरी तो एकत्र होता. त्या वेळी याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

1970 मध्ये अमेरिकेच्या व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेचा वेग मोजला. कडेचे तारे नेपच्यूनसारखे सावकाश फिरतील असा अंदाज होता. पण कडेलाही वेग सेकंदाला 200 किलोमीटरच्या वरच निघाला. पुढे ज्या ज्या दीर्घिका तपासल्या, तिथं बहुतेक हाच प्रकार.

खोडदच्या डिशचा काय संबंध?

तारे संपतात त्याच्याही पुढं दीर्घिकेत हायड्रोजन वायू पसरलेला असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण त्यातून 21 सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी निघतात. त्या पकडायला रेडिओ दुर्बीण लागते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळची जीएमआरटी ही त्यातलीच: 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, सुमारे 25 किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. दुर्बिणीला अडथळा नको म्हणून त्या भागात उद्योगांवर बंधनं आहेत. त्यामुळं ‘त्या डिश करतात तरी काय?’ असा प्रश्न कुणाला पडला तर त्यात नवल नाही. अनेक कामांपैकी एक काम हे की, दूरच्या दीर्घिकांमधला हा वायू कुठं आहे आणि किती वेगानं फिरतोय ते मोजायचं. जगभरातल्या अशा दुर्बिणींनी तेच दाखवलंय. पार कडेचा वायूसुद्धा अंदाजाइतका सावकाश फिरत नाही. म्हणजे ओढ आहे, पण ओढणारं दिसत नाही.

असा पेच आधी दोनदा पडलाय

युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणं चालत नव्हता. फ्रान्सच्या ले व्हेरिए यांनी गणितानं सांगितलं, की पलीकडं एक न दिसलेला ग्रह आहे. 1846 मध्ये बर्लिनमधून तिथं दुर्बीण लावली आणि नेपच्यून सापडला. तेव्हा माल खरंच लपलेला होता.

पुढं बुधाच्या कक्षेतही थोडा फरक निघाला. ले व्हेरिए यांनी पुन्हा तेच सांगितलं, की सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला ‘व्हल्कन’ नावही पडलं. पण तो कधीच सापडला नाही. 1915 मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा नियम मांडला आणि बुधाचा फरक आपोआप मिटला. या वेळी काटाच दुरुस्त करावा लागला.

आता कुठली बाजू भारी?

बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, माल लपलाय. त्यालाच ‘डार्क मॅटर’ किंवा कृष्णपदार्थ म्हणतात. तो प्रकाश देत नाही, अडवत नाही, फक्त ओढतो. त्यांचा मोठा पुरावा म्हणजे ‘बुलेट क्लस्टर’. तिथं दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळले. समूहातलं बरंचसं दिसणारं वजन तापलेल्या वायूचं असतं आणि तो वायू धडकेत मधेच अडकला. पण 2006 च्या अभ्यासात दिसलं, की मागून येणारा प्रकाश वाकवणारं वजन वायूजवळ नाहीच, ते पुढं निघून गेलंय. विश्वाच्या एकूण हिशेबात साधा पदार्थ सुमारे 5 टक्के आणि डार्क मॅटर 27 टक्के धरतात. बाकीची ‘डार्क एनर्जी’, तो विषय वेगळा.

पण हा माल आहे कशाचा? कुणी म्हणतं जड, अबोल कण. कुणी म्हणतं अतिशय हलके ‘ॲक्सिऑन’. कुणी म्हणतं विश्वाच्या जन्मावेळची कृष्णविवरं. अमेरिकेत एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, कित्येक टन द्रवरूप झेनॉन भरून असा एखादा कण धडकतो का याची वाट बघतात. आपल्याकडं झारखंडच्या जादुगुडा खाणीतही शोध चालू आहे. अजून कण हाती लागलेला नाही.

दुसरी बाजू इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांची. 1983 मध्ये ते म्हणाले, ओढ फार क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. या एका दुरुस्तीनं कितीतरी दीर्घिकांचा वेग अचूक जुळतो, म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत तिथंही वजन कमीच पडतं. शिवाय 2017 मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे 13 कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या पावणेदोन सेकंदांच्या फरकानं पृथ्वीवर पोचले. त्या एका मोजणीनं गुरुत्वाकर्षण बदलू पाहणारे कितीतरी सिद्धांत बाद झाले.

‘अदृश्य शक्ती विज्ञानानंही मान्य केली’ म्हणून कुणी गंडेदोरे विकायला आला, तर त्याला एवढंच विचारावं, की मोजून दाखवतोस का? डार्क मॅटर दिसत नाही, पण त्याचं वजन आकड्यात मांडलेलं आहे, आणि तो आकडा चुकला असेल तर ते सिद्ध करायची मुभा प्रत्येकाला आहे. गाडीतला माल हाती लागत नाही तोवर काटाही तपासत राहावा लागणार.