जलांतर्गत छायाचित्रणातील दिव्यांचे आधार
पाण्याखाली छायाचित्र घेताना दिवा कॅमेऱ्यापासून योग्य अंतरावर व इष्ट कोनात धरून ठेवणारी सामग्री. दिवा भिंगालगत असल्यास पाण्यातील गाळाच्या कणांवरून प्रकाश परत फिरतो आणि चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून पालघर किनाऱ्याजवळच्या गढूळ समुद्रात आखूड आधार कुचकामी ठरतो. गोलसंधींनी जोडलेल्या लांब भुजांवर दिवे बाजूला व किंचित मागे ठेवावे लागतात. एवढे करूनही वस्तू हातभर अंतरापलीकडे असल्यास फारसे साधत नाही. भुजा बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांतील पोलादी स्क्रूंभोवती खाऱ्या पाण्यात क्षरण होते, म्हणून त्या गोड्या पाण्याने धुतात.

तारापूर अणुवीज केंद्रासारख्या (१९६९) ठिकाणी प्रश्न निराळा असतो. वापरलेले इंधन तेथे कुंडात, प्रारण अडविणाऱ्या खोल व स्वच्छ पाण्याखाली ठेवतात. अशा कुंडांत पाहणीसाठी कॅमेरा व दिवे लांब दांड्यांना जखडून वरून सोडतात. गाळाची अडचण नसते. भीती असते ती सुट्या भागांची. आधाराचा एखादा नट इंधन-जुडग्यात अडकून अणुभट्टीत गेल्यास तो पाण्याच्या प्रवाहात कंप पावतो व घासून इंधनाच्या आवरणाला छिद्र पाडू शकतो. त्यामुळे येथे सुटे भाग कमीत कमी असलेला, अगंज पोलादाचा आणि दोरीने बांधलेला आधार निवडतात.