घर बघून द्यायची

ब्रीडरकडची, सोडून दिलेली लॅब्रेडोर सांभाळायला माझ्याकडे आली की मी आधी तिची थानं बघते, मग कोपरं, मग नख्या. थानं लोंबली असली तर वेतं बरीच झालेली असतात. कोपरांवर काळे, जाड घट्टे म्हणजे वर्षानुवर्षं सिमेंटवर झोपलेली. नख्या वळून पंजात रुतू लागल्या असतील, तर ती पिंजऱ्याबाहेर फारशी आलेलीच नाही. 'तीनच वर्षांची आहे' हे आणून सोडणाऱ्याचं म्हणणं मी ऐकून घेते. दीड वर्षाच्या आत मादी क्रॉस करायची नाही असा 2017 चा नियम आहे. तो किती जण पाळतात, ते या पोटाकडे बघितलं की कळतं.

आमच्या पुण्यातल्या रो-हाउसची मागची खोली नव्या पाहुण्यांची. घरच्या कुत्र्यांशी तिची गाठ लगेच घालून देत नाही, कारण पार्व्हो अंगावर, चपलांवरही येतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पहिलं मोठं काम गोचिडांचं. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचा, चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. मध्येच ओठ उचलून हिरडी बघायची. ती पांढुरकी दिसली की रक्त तपासायला द्यायचं; गोचीडतापात प्लेटलेट्स घसरतात. मग डॉक्सीसायक्लिन, चांगलं महिनाभर आणि भरल्या पोटी, नाहीतर ओकून टाकते. एवढं सगळं ती मुकाट करू देते. पण फरशी चकचकीत असली की उंबऱ्यावरच बसकण मारते, आणि जिना म्हणजे काय हे तिला ठाऊकच नसतं.

जातिवंत कुत्री रस्त्यावर येतात कशी, असं लोक विचारतात. हौसेने घेतात म्हणूनच येतात. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घरोघर पग हवा झाला. चपट्या नाकाने त्याला मे महिन्यात धाप लागते, हे जाहिरातीत कुठून दिसणार? हस्कीचंही तेच. फोन करून 'नाही जमत हो ताई' म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. रात्री फाटकाला बांधून पळणाऱ्यांवर आहे. 1960 च्या कायद्यात प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात आमच्या कोपऱ्यावर वडापाव येतात दोन!

नसबंदी झाल्याशिवाय कुत्री कुणालाच देत नाही. 'एक वेत घेऊन मग करू' म्हणणाऱ्यांचा विषय तिथेच संपतो. बाकीच्यांचं घर बघायला जाते. फाटकाच्या फटी, गच्चीचा कठडा बघते आणि एक प्रश्न हमखास विचारते: घरात कुत्रं कुणाला नकोय? 'सगळ्यांना आवडतं' हे उत्तर मला फारसं पटत नाही. परवा एका घरी नातू भरभरून बोलत होता. आजी मात्र म्हणाल्या, "माझ्या देवघरात येता कामा नये. आणि सकाळी त्याला फिरवायला मी जाणार नाही, गुडघे दुखतात. बाकी कुठंही झोपू दे." एवढा विचार केलेलं माणूस घरात आहे म्हटल्यावर मी तिथे कुत्री दिली. फॉर्मवर सही नातवाची घेतली. औषधांची पिशवी आणि लशीचं कार्ड आजींच्या हातात ठेवलं.