पाण्याची पाठ

कार्तिक पौर्णिमेला भंडाऱ्याच्या घाटावर आम्ही दिवे सोडले. पूर्वी वैनगंगेला ओढ असायची. दिवा हातातून सुटला की धावायला लागायचा. खाली गोसेखुर्दला धरणात पाणी अडलं तेव्हापासून नदी इथे तळ्यासारखी पसरली आहे आणि दिवे वाऱ्याच्या झुळकेवर जेमतेम सरकतात. नातू पायरीवर उकिडवा बसून पाहत होता.

"आबाजी, हा दिवा किती दूरवर दिसन?"

"ये, बस जवळ," मी म्हटलं. "एका अशा दिव्याची गोष्ट सांगतो, जो वाऱ्यापावसात विझत नाही. पण दूर जाणाऱ्याला तो समुद्रात बुडताना दिसतो."

आपल्यापासून फार लांब, पार पश्चिमेला, मुंबईच्या दक्षिणेला अलिबाग आहे. त्याच्या शेजारी थळ नावाचं कोळ्यांचं गाव. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात दोन काळी बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. आपली गोष्ट खांदेरीची. दोन बुटक्या टेकड्या, मध्ये खोलगट जागा, भोवती पाणीच पाणी.

पण हे बेट नेहमीच बेट नव्हतं. पावसाळ्यात आपला गावचा तलाव तुडुंब भरला की आतला उंचवटा एकटा पडतो ना, तसंच हे. वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग होतं. इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर साचलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा खांदेरी ही साधी टेकडी होती. तिच्या पायथ्याशी झाडंझुडपं असतील, जनावरं चरत असतील. कोरड्या पायांनी कुणीही तिच्यावर चढून गेलं असतं. बर्फ वितळला, समुद्र वर वर आला आणि टेकडी गळ्यापर्यंत पाण्यात गेली.

तिचा दगड त्याहून कितीतरी जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातला हा काळा बसाल्ट. सह्याद्रीही त्याचाच. आपल्या तुमसरकडचा, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतला खडक मात्र वेगळ्या कुळातला, आणि वयाने खांदेरीहून फार फार मोठा. वय विचारलं तर भंडाऱ्याचा दगड सह्याद्रीचा आजा शोभेल.

खांदेरीवर एक धोंडा आहे, त्यावर दगडाने ठोकलं की भांड्यासारखा वाजतो. तरुणपणी एकदा थळच्या होडीतून गेलो होतो, तेव्हा मी तो वाजवला. पितळेच्या परातीवर टिचकी मारावी तसा ठण्ण आवाज. दगड घट्ट विणीचा असला, आत भेग नसली आणि धोंडा थोड्याच जागी टेकलेला असला, तर ठोका बसताच तो सगळाच्या सगळा थरथरतो. परात हातात दाबून धरली की नाद मरतो, दोन बोटांवर तोलली की घुमतो. तसंच ते. कोळी लोकांचा वेताळही त्याच बेटावर आहे. ते त्याला मान दिल्याशिवाय राहत नाहीत, आणि आम्हीही दिला.

आता त्या बेटावर माणसं काय म्हणून भांडली, ते ऐक. मुंबई तेव्हा इंग्रजांकडे होती आणि खांदेरी म्हणजे त्या बंदराच्या वाटेवरचा पहाऱ्याचा ओटा. १६७९च्या ऑगस्टात, भर पावसाळ्यात, शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसं आणि तोफा देऊन तिथे धाडलं, किल्ला बांधायला. समुद्र खवळलेला असताना दगड, चुना, दाणागोटा, सगळं होड्यांतून न्यायचं. इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, पाण्यात खोल बसणारी, वाऱ्यावर चालणारी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांनी हाकायच्या. रात्री वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकायचं, आणि त्याच अंधारातून या होड्या किनाऱ्यावरून बेटावर रसद पोचवायच्या.

"आपल्या ढिवराच्या डोंग्यासारख्या?"

अगदी तसंच समज. कुठे गाळ आहे, कुठे खडक आहे, हे ज्याला तळहातासारखं ठाऊक, त्याला अंधाराचं भय नाही. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली, तीत मराठ्यांनी इंग्रजांचं 'डोव्हर' नावाचं जहाजच धरलं. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी वेढा आवरता घेतला. मायनाकांचं नाव मी तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण लढाईच्या गोष्टीत ते मागे राहतं. तटाबाहेर त्या वेळच्या लोकांनी सुटे धोंडे टाकून ठेवलेले आजही दिसतात. लाट येते ती आधी त्या धोंड्यांच्या फटींत शिरते, फुटते, दमते, मग तटाला लागते. शत्रूची होडीही तिथे धड लागत नाही. एका कामात दोन कामं.

पुढे बेट मराठी आरमाराच्या आंग्रे घराण्याकडे होतं, मग इंग्रजांकडे गेलं. आणि १८६७मध्ये इंग्रजांनी तिथे टेकडीवर दीपगृह उभारलं, आठ कोनांचं. ज्या अंधाराने त्यांना हरवलं, त्याच अंधारात त्यांनी दिवा लावला.

"मोठ्ठा दिवा असन?"

इथेच खरी गंमत आहे. त्या काळी दीपगृहातली ज्योत तेलाची असे, आणि ती काही घराएवढी नसे. तू आत्ता सोडलेला दिवा चहूकडे उजेड टाकतो, आकाशात टाकतो, पाण्यातही टाकतो. त्यातला तुझ्या डोळ्यात येतो तो इवलासा. सगळा उजेड गोळा करून एकाच दिशेला पाठवला तर? त्यासाठी भिंग हवं, पण एवढं मोठं भरीव भिंग म्हणजे काचेची धोंडच. ऑगस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने विचार केला की उजेड वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतली काच नुसतं ओझं आहे. त्याने आतली काच काढून टाकली आणि पृष्ठभागाच्या तेवढ्या कडा ठेवल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, एकात एक कड्यांसारख्या. १८२३मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ते भिंग बसलं. चार वर्षांनी, ३९व्या वर्षी, तो क्षयाने गेला. जगभर खलाशी त्याच्या काचेवर घरी पोचले. त्याने स्वतः ते फारसं पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

काचेचे ते तुकडे पितळी चौकटीत बसवत.

"आपल्या भंडाऱ्यासारखी पितळ?"

हो रे, तीच. खाऱ्या हवेत लोखंड गंजून जातं, पितळ टिकते. भिंग दिव्याभोवती फिरवलं की दूरच्या खलाशाला झोत आला, गेला, आला, गेला, असा दिसतो. प्रत्येक दीपगृहाची ही चाल निराळी. खलाशी सेकंद मोजतो आणि अंधारातच ओळखतो की हा अमुक खडक.

आता बुडण्याचं. धानाच्या बांधीत पाणी सोडलं की ते कसं राहतं?

"पानी तं सपाटच रायते ना, आबाजी!"

बांधीत सपाटच. पण पृथ्वी गोल आहे, आणि पाणी तिच्या पोटाशी धरून बसतं. ३० किलोमीटर लांब समुद्र घेतला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या दोरीच्या मधोमध पाणी जवळजवळ १८ मीटर फुगलेलं असतं. सहा मजली घराएवढी पाण्याची पाठ. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर त्याचं क्षितिज फक्त ५ किलोमीटरवर संपतं. दिवा ५० मीटर उंच धरला तर त्याचा उजेड २५ किलोमीटरवर पाण्याला टेकतो. दोन्ही मिळून ३०. हवा उजेडाला किंचित वाकवते, म्हणून प्रत्यक्षात अजून थोडं. त्याच्या पलीकडे दिवा कितीही तेजाचा असो, पाठीआड जातो. आधी झोत पाण्याला टेकल्यासारखा दिसतो, मग अर्धा, मग नुसती आकाशात उजळण, मग काही नाही. म्हणून दिवा टेकडीवर, आणि टेकडीवर पुन्हा मनोरा.

आता त्या बेटाला कान्होजी आंग्रे बेट म्हणतात, आणि २०२५मध्ये मराठ्यांच्या आणखी किल्ल्यांसोबत खांदेरीही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. हे मी सांगेपर्यंत नातू पोटावर पालथा झाला होता. हनुवटी खालच्या पायरीवर, डोळा पाण्याच्या अगदी जवळ.

"काय करतोस रे?"

"बुडते का, ते पाहून राहिलो."

त्याचा दिवा बराच आत गेला होता. वारा थांबला होता. आम्ही दोघं बोललो नाही. मग झुळूक आली, दिवा हलला आणि बांधून ठेवलेल्या एका डोंग्यामागे गेला. पोरगं तसंच पडून राहिलं, डोंग्याच्या दुसऱ्या बाजूला नजर लावून.