संध्याकाळची होडी आणि खाडीतला जिताडा

मुलांनो, मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलातलं पदार्थांचं कार्ड कधी वाचलंय? त्यात 'इंडियन सालमन' असं काहीतरी छापलेलं असतं. मोठ्या ऐटीत मागवावं, तर ताटात येतो आपला रावस! रावसाच्या चवीबद्दल तक्रार मुळीच नाही. पण खऱ्या सालमनशी त्याचं काही नातं नाही बरं का. नाव चिकटलं ते चिकटलं.

मग खरा सालमन कसा असतो? तो थंड पाण्यातला मासा. नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात, तो अंड्यातून बाहेर येतो. थोडा मोठा झाला की समुद्राकडे निघतो. तिथं खाऊनपिऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायची वेळ आली की परत फिरतो, तोही आपल्याच नदीत. पाण्याच्या वासावरून त्याला आपली नदी ओळखू येते. पॅसिफिक महासागरातले बहुतेक सालमन तर अंडी घातल्यावर मरून जातात. ट्राउट हा सालमनचाच भाऊबंद. हा ट्राउट इंग्रजांनी बोटीतून आणून काश्मीरच्या ओढ्यांत सोडला, म्हणून तो आज आपल्या देशातही आहे.

अमेरिकेत मिशिगन नावाचं एक सरोवर आहे. सरोवर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गावचं तळं येईल, पण हे तळं केवढं? सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर! म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याखाली आहे अशी कल्पना करा. त्याच्या काठाच्या गावांत उन्हाळ्यात संध्याकाळच्या सहली निघतात. पाचसहा पाहुण्यांनी मिळून एक बोट भाड्यानं घ्यायची. बोटीचा कप्तान, गळ, दोऱ्या सगळं बोटवाल्याचं. बोट सावकाश चालत राहते आणि मागे निरनिराळ्या खोलीवर गळ ओढले जातात. त्यांना चमच्यासारखे चकाकणारे पत्रे लावलेले असतात. ऊन उतरलं की सालमन खोल पाण्यातून वर येतो, पत्रा पाहून त्याला वाटतं, आला छोटा मासा! आणि तो झडप घालतो.

गंमत म्हणजे हा सालमनसुद्धा तिथला नव्हे. त्या सरोवरात अटलांटिक महासागराकडून एक छोटा मासा कालव्यांच्या वाटेनं शिरला होता. त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो बेसुमार वाढला. १९६७ साली तर तो इतका मेला की किनाऱ्यांवर मेलेल्या माशांचे ढीग लागले. त्याला आळा घालायला १९६६ सालापासून तिथल्या सरकारनं सालमनची पिल्लं सरोवरात सोडायला सुरुवात केली होती. युक्ती लागू पडली. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात मात्र पुढे उलटंच झालं. २००४ च्या सुमाराला तिथला छोटा मासा जवळजवळ संपला आणि मग सालमनचीच उपासमार झाली. किती सोडायचे आणि किती पकडायचे, याचा हिशेब तेव्हापासून तिथले लोक फार काळजीनं करतात.

आता म्हणाल, बाई, हे सगळं आम्हांला कशाला? आपल्या पेण-रोह्यात ना ते थंड पाणी, ना तो सालमन. खरं आहे. पण आपल्याकडे खाडी आहे, आणि खाडीत जिताडा आहे!

पेणच्या पश्चिमेला वाशी, शिर्की, मसद, वढाव, दादर, रावे अशी गावं आहेत. हा आपला खारेपाट. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला धरमतरची खाडी, आणि मध्ये मातीचे बंधारे. तिकडे रोह्याला कुंडलिका. या नदीचं एक नवल सांगते. घाटावरच्या मुळशीच्या धरणाचं पाणी मोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज करतं आणि मग कुंडलिकेत येतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. म्हणून ऐन मे महिन्यातही कुंडलिकेला पाणी असतं. हे गोडं पाणी खाली रेवदंड्याच्या बाजूनं आलेल्या खाऱ्या पाण्याला भेटतं. जिथं गोडं आणि खारं पाणी असं मिसळतं, ती जिताड्याची जागा. त्याला कुणी खजुरा म्हणतात, बंगालमध्ये तो भेटकी होतो आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी.

जिताडाही सालमनसारखाच संध्याकाळचा शिकारी. त्याचे डोळे कमी उजेडात छान काम करतात आणि बॅटरी मारली तर लालसर चमकतात. सूर्य कलला की बंधाऱ्याच्या उघाडीपाशी, पुलाच्या खांबाच्या सावलीत, कांदळवनाच्या मुळांशी तो दबा धरून बसतो. बोईट, कोळंबी, जे पाण्याबरोबर वाहत येईल ते तोंड उघडून आत ओढतो. म्हणूनच मुंबईहून गळ घेऊन येणारे हौशी लोकसुद्धा संध्याकाळीच होडी ठरवतात. त्या मिशिगनच्या बोटीसारखा तिथं थाट नसतो. होडी, वल्हं किंवा छोटं इंजिन, आणि खाडीची माहिती असलेला एक नाखवा. खरी किंमत त्या माहितीची!

त्यातली एक माहिती मी तुम्हांला देऊन टाकते. संध्याकाळ तर रोजच होते, पण रोज संध्याकाळी जिताडा लागत नाही. पाणी चढतं किंवा उतरतं असेल तेव्हाच तो तोंड लावतो. मग पाणी केव्हा चढणार? आपल्याकडचे जुने लोक कॅलेंडरवरची तिथी बघतात आणि तिची पाऊणपट करतात. जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शाळेत अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्यांनो, हे गणित नाखव्याला तोंडी येतं! हिशेब ढोबळ आहे. शिवाय हा समुद्रकाठचा वेळ. खाडीत जितकं आत जाल, तितकी भरती उशिरा पोचते. अमावस्या-पौर्णिमेला पाणी फार चढतं आणि फार उतरतं, त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, तो भांग. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणजे एक भरती पहाटेचीही असते. पण पहाटे उठून खाडीवर जाण्यापेक्षा संध्याकाळच बरी, असं माझं आपलं मत.

आता जिताड्याची खरी गोष्ट. सालमन अंडी घालायला समुद्रातून नदीत येतो. जिताडा बरोबर उलटा! तो वाढतो गोड्या आणि मचूळ पाण्यात, पण अंडी घालायला पावसाळ्याच्या सुमाराला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. तेही बहुधा अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे येणाऱ्या भरतीबरोबर अंडी आणि पिल्लं आत वाहून येतात. नखाएवढी पिल्लं कांदळवनात, डबक्यांत, पाणी भरलेल्या शेतात शिरतात. तिथं मोठ्या माशांपासून ती वाचतात. आपल्याच भावंडांपासून मात्र वाचतीलच असं नाही. जिताड्याची मोठी पिल्लं लहान पिल्लांना खुशाल गिळतात.

खारेपाटातल्या माणसांनी याचा फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला. पावसाळ्यात खाडीतून, शेताच्या खाचरांतून ही पिल्लं धरायची आणि घराजवळच्या तळ्यात सोडायची. दोनतीन वर्षं त्यांच्याकडे बघायचंच नाही. तळ्यातले लहानसहान मासे खाऊन ती वाढतात. मग घरात लग्न निघालं, जावई आला, कुणी मोठा पाहुणा आला, की तळ्यात जाळं पडतं. पेण-अलिबाग भागात जिताड्याचं कालवण म्हणजे पाहुण्याचा मान! माझ्या वर्गातल्या मुलांना 'पाळीव प्राणी' लिहायला सांगितले, तर गाय, बैल, कुत्रा यांच्यानंतर एकानं 'जिताडा' लिहिला होता. मी त्याला पूर्ण गुण दिले.

पण याच तळ्यात एक मोठं कोडं दडलेलं आहे. तळ्यात जिताडा वाढतो, पाचसहा किलोंचा होतो. मग त्याला तिथं पिल्लं का होत नाहीत? दर पावसाळ्यात नवी पिल्लं खाडीतूनच का आणावी लागतात? एक कारण तुम्ही ओळखलं असेल. अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं, आणि तळं तर गोडं.

दुसरं कारण ऐकून मात्र चकित व्हाल. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. तीनचार वर्षांचा झाला की तो पूर्ण वाढलेला नर असतो. आणखी काही वर्षं गेली, साधारण सहासात वर्षांचा आणि हातभर लांबीच्या पुढे गेला, की त्याच्या शरीरात बदल होतो आणि तो मादी होतो! थट्टा नाही, शास्त्रज्ञांनी नीट तपासलेली गोष्ट आहे. म्हणजे जवळजवळ सगळे लहान जिताडे नर आणि बहुतेक मोठे जिताडे माद्या. मोठी मादी एका मोसमात कोटीच्या घरात अंडी घालू शकते.

आता जरा विचार करा. खाडीत कुणी बारीक आसाचं जाळं लावलं आणि वीतभर जिताडे बाजारात आणले, तर नुसते लहान मासे गेले असं होत नाही. उद्याच्या माद्याच गेल्या. आणि कुणी हौशी माणसानं संध्याकाळी होडीतून पंधरा किलोंचा जिताडा काढला, त्याच्याबरोबर फोटो काढला, तर वाहवा जरूर होते. पण तो 'भला मोठा जिताडा' बहुधा आईच असते. खारेपाटातलं प्रत्येक तळं अशा आयांच्या जिवावर भरतं. जुने कोळी सांगतात की पूर्वीइतके जिताडे आता लागत नाहीत, त्यात नवल ते काय?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात यावर सोपा नियम केला आहे. ५८ सेंटिमीटरांपेक्षा लहान बारामुंडी पकडला तर परत सोडायचा. १२० सेंटिमीटरांपेक्षा मोठा पकडला तरी परत सोडायचा. घरी न्यायचा तो फक्त मधला! तुमच्या कंपासपेटीतल्या नव्हे, बाईंच्या टेबलावरच्या ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांहून थोडा कमी तो लहान, चार पट्ट्यांहून जास्त ती आई. लहान माशांबद्दल आपल्याकडेही पाऊल पडलं आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं पापलेट, सुरमई, बोंबील अशा ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासे धरायचे नाहीत. मोठ्या आईला सोडून द्यायचा नियम मात्र मला क्वीन्सलँडचाच जास्त आवडतो.

अंड्यांचं कोडं चेन्नईच्या केंद्रीय मचूळपाणी मत्स्यपालन संस्थेनं वेगळ्या तऱ्हेनं सोडवलं. १९९७ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी हौदातल्या जिताड्यांकडून अंडी मिळवून पिल्लं वाढवली. त्यामुळे तळ्यासाठी बी विकत घेता येऊ लागलं. ते घेतलं तर खाडीतली पिल्लं खाडीतच राहतील. पण खाडीतच राहायचं, तर खाडी राहायला हवी ना! कांदळवन तोडून भराव टाकला, की पिल्लांचं पाळणाघर गेलं. रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. सांडपाणी नीट स्वच्छ न होता नदीत आलं, तर पहिला फटका माशांना बसतो. हे मोठ्यांचं काम आहे, आणि हा लेख वाचणाऱ्या आईबाबांना मी मुद्दाम सांगते आहे.

तुम्हांलाही एक काम आहे. आईबरोबर मासळीबाजारात गेलात, तर जिताडा ओळखायला शिका. डोक्यापाशी पाठीला खोलगट बाक, खालचा जबडा पुढे आलेला, शेपूट गोलसर. वीतभराचा दिसला तर मावशींना विचारा, "मावशी, हा एवढा लहान कुठून आणलात?" उर्मटपणे नको, गोडीनं. त्यांना खाडीची तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असते आणि त्या भरभरून सांगतात.

कधी घरच्या मोठ्या माणसांबरोबर संध्याकाळच्या होडीत बसायला मिळालं, तर अंगात तरंगतं जाकीट घालूनच बसा. ओहोटीच्या चिखलात उतरू नका, खाडीचा चिखल कमरेपर्यंत ओढतो. आणि जिताडा होडीत आला, तरी त्याच्या गालाला हात लावू नका बरं! कल्ल्याजवळच्या त्या झाकणाची कडा पात्यासारखी धारदार असते. नाखवा त्याला ओल्या फडक्यात कसा धरतो, ते आधी बघून घ्या.