7.8 गुणांचा दोष आणि भंडाऱ्याची वीज

2 लाख 25 हजार ग्राहक, 3 वितरण कंपन्या, 1 ते 6 तासांचा अंधार. युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 रोजी संगणकात घुसलेल्या माणसांनी वीज घालवली. सायबर हल्ल्यामुळे वीज गेल्याचे जाहीरपणे सिद्ध झालेली ही जगातली पहिली घटना मानली जाते. हा आकडा भंडारा जिल्ह्याच्या मापाने मोजून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334. एका घरात सरासरी साडेचार माणसे धरली तर सुमारे 2 लाख 67 हजार घरे होतात. म्हणजे तेवढीच वीज भंडाऱ्यात गेली असती, तर तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांतल्या दर सहा घरांपैकी पाच घरांत अंधार झाला असता.

त्या दिवशी एकट्या कीव प्रांताच्या वितरण कंपनीची 110 के.व्ही.ची 7 आणि 35 के.व्ही.ची 23 उपकेंद्रे तुटली. दुसऱ्या एका कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा बाण आपोआप सरकत होता, प्रवाह तोडणारा एकेक ब्रेकर उघडत होता आणि ऑपरेटर नुसते बघत होते. या हल्ल्यात स्काडा या उपकेंद्रे दुरून चालवणाऱ्या प्रणालीतला एकही दोष वापरलेला नव्हता. काही महिने आधी कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना फसवे ईमेल आले. त्यातून पासवर्ड चोरीला गेले. बाहेरून आत यायच्या वाटेवर दुसरी पडताळणी नव्हती. पुढचे सगळे रीतसर आज्ञांनीच झाले. सॉफ्टवेअरमधल्या दोषांना 0 ते 10 गुण देण्याची जी जागतिक पद्धत आहे, तिच्या हिशेबात या संपूर्ण घटनेचे गुण शून्य भरतात.

जवळपास एका वर्षाने, 17 डिसेंबर 2016 च्या रात्री, कीव शहराजवळचे 330 के.व्ही.चे एक उपकेंद्र बंद पडले. सुमारे 200 मेगावॉट, म्हणजे शहराच्या त्या वेळच्या मागणीचा पाचवा हिस्सा, तासाभरासाठी गेला. या वेळच्या हत्याराला अभ्यासकांनी ‘इंडस्ट्रॉयर’ नाव दिले. त्यात मात्र एका ठरावीक दोषाचा वापर होता. सीमेन्स कंपनीच्या सिप्रोटेक मालिकेतल्या संरक्षक रिलेला एक विशिष्ट संदेश पाठवला की तो निपचित पडतो आणि कोणी जाऊन हाताने पुन्हा चालू करेपर्यंत उठत नाही. त्या दोषाला मिळालेले गुण होते 7.8.

हा आकडा नीट उलगडून पाहायला हवा, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. रिले म्हणजे उपकेंद्राचा पहारेकरी. वाहिनीवर झाड पडले, तार तुटली, तर प्रवाह अचानक वाढतो. रिले तो ओळखतो आणि ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देतो. भारताच्या ग्रिड नियमांत या सगळ्याला दिलेला वेळ 132 आणि 220 के.व्ही.साठी 160 मिलिसेकंद आहे; 400 आणि 765 के.व्ही.साठी फक्त 100 मिलिसेकंद. गावातल्या डीपीवरचा फ्यूज जे काम वितळून करतो, ते रिले मोजमाप करून करतो. तो झोपला तर वीज लगेच जात नाही. वाहिनी चालूच राहते, आणि पुढचा बिघाड आला की रोहित्र जळू शकते.

आता गुण कसे देतात ते पाहू. तीन गोष्टी तपासतात: माहिती फुटली का, माहिती बदलली का आणि सेवा बंद पडली का. दूरवरून, पासवर्डशिवाय, सहज करता येणाऱ्या हल्ल्याने तिन्हींवर पूर्ण घाव बसला, तर त्या काळच्या पद्धतीत 10 गुण मिळत. फक्त एकीवर पूर्ण घाव बसला तर 7.8. सिप्रोटेकच्या दोषात माहिती फुटत नव्हती, बदलत नव्हती, फक्त यंत्र बंद पडत होते. म्हणून 7.8. आजच्या सुधारित पद्धतीत अशा दोषाला 7.5 मिळतात, आणि ‘अतिगंभीर’ शिक्का 9.0 पासून पुढे लागतो.

बँकेसाठी हे माप योग्य आहे. खात्याची माहिती फुटणे हे सर्व्हर तासभर बंद पडण्यापेक्षा वाईटच. उपकेंद्रात हा क्रम नेमका उलटा आहे. रिलेमधली माहिती चोरून कोणाला फारसे काही मिळणार नाही. तो 160 मिलिसेकंदांत जागा असणे हेच त्याचे सगळे मोल. आधी 9.0 च्या वरचे दोष दुरुस्त करा, बाकीचे सवडीने, असे धोरण वीज कंपनीने कार्यालयी संगणकांप्रमाणे उपकेंद्रालाही लावले, तर पहारेकरी रांगेत मागे उभा राहतो आणि बिल छापणारा सर्व्हर पुढे जातो.

कीवच्या हल्ल्यात वेळेचा प्रश्नही दिसतो. या दोषाची सूचना आणि त्यावरचा सुधारित फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) जुलै 2015 मध्येच जाहीर झाला होता. हल्ला झाला तेव्हा 17 महिने उलटले होते. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की हल्लेखोरांच्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे रिलेवरचा घाव लागू पडला नाही. वीज गेली ती ब्रेकर उघडल्यामुळे. घाव लागला असता तर पुन्हा वीज सोडताना यंत्रेच जळण्याचा धोका होता. सिप्रोटेक मालिका भारतासह अनेक देशांत वापरली जाते, त्यामुळे ही केवळ परदेशातली गोष्ट राहत नाही.

दुरुस्तीला इतका विलंब होत असेल, तर त्याचे खापर नुसत्या आळसावर फोडणे अन्यायाचे ठरेल. मोबाइलचा अपडेट रात्री झोपताना होतो. रिलेचा फर्मवेअर बदलायचा तर ती वाहिनी बंद करावी लागते, परमिट घ्यावे लागते, भार दुसरीकडे वळवावा लागतो आणि बदलानंतर पुन्हा चाचणी घ्यावी लागते. भंडारा जिल्हा धानाचा. खरिपात रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली की एकाच आठवड्यात सगळ्यांना मोटारपंप चालवायचे असतात, आणि उन्हाळी धानाला तर पाणी तोडताच येत नाही. अशा दिवसांत फीडर बंद ठेवून सॉफ्टवेअर बदलायला कोणता अभियंता धजेल? शिवाय वयाचा प्रश्न आहे. रोहित्र 25 ते 35 वर्षे चालते. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या संगणकातल्या विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. एका रोहित्राच्या आयुष्यात अशा तीन-चार पिढ्या कालबाह्य होतात.

दोष दुरुस्त करून भागत नाही याला आणखी एक कारण आहे. 2022 च्या जूनमध्ये फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी 10 उत्पादकांच्या औद्योगिक उपकरणांतले 56 दोष एकत्र जाहीर केले. त्यांचे म्हणणे असे की यांतले बहुतेक दोष चुकून राहिलेले नाहीत. ती उपकरणे बनलीच तशी. सापडलेल्या दोषांपैकी 38 टक्क्यांतून पासवर्ड हाती लागत होते आणि 21 टक्क्यांतून फर्मवेअर बदलता येत होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे: यांतल्या 74 टक्के उत्पादन-मालिकांकडे कोणते ना कोणते सुरक्षा प्रमाणपत्र होते. उपकेंद्रातला आरटीयू (दुरून माहिती आणि आज्ञा देवघेव करणारे उपकरण) आणि विजेचा भार सांभाळणारे भारप्रेषण केंद्र ज्या भाषेत बोलतात, त्या आयईसी 104 या नियमावलीत मुळात पासवर्डच नाही. ‘ब्रेकर उघड’ असा नीट मांडलेला संदेश आला की तो कुठून आला हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती. ती पुढे वेगळ्या नियमावलीने जोडावी लागली. भारतात हीच भाषा सर्रास वापरली जाते. विदर्भाच्या पारेषण जाळ्यावर नागपूरच्या अंबाझरीतून, महापारेषणच्या क्षेत्रीय भारप्रेषण केंद्रातून, देखरेख होते. म्हणून खरे संरक्षण ही दळणवळणाची वाट इतर जाळ्यांपासून किती काटेकोरपणे अलग ठेवली आहे, यावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोहोचला तो 12 ऑक्टोबर 2020 ला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरातली सुमारे 2,200 मेगावॉट वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यावर भार होता आणि त्यात बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले. साडेचार महिन्यांनी, 28 फेब्रुवारी 2021 रोजी, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. ‘रेडएको’ नाव दिलेल्या, चीनशी जोडल्या जाणाऱ्या गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या 10 संस्थांना लक्ष्य केले होते आणि देशातल्या 5 प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांपैकी 4 त्यात होती. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाचे आकडे दिले: वीज मंडळाच्या यंत्रणेत 14 ट्रोजन (छुपे घातक प्रोग्राम) सोडले गेले असावेत आणि बाहेरून 8 जीबी हिशेबाबाहेरची माहिती आली असावी. त्यावर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांचे म्हणणे असे की मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली. हल्ले झाले, पण त्यांचा वीज जाण्याशी संबंध नव्हता. मुंबईतल्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्या अमेरिकी अहवालातही नमूद होते.

राजकारणात देशमुख आणि सिंह यांची ही दोन विधाने एकमेकांवर आपटली. मला त्यांत विरोध दिसत नाही. घुसखोर आत असणे आणि घुसखोराने वीज घालवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. युक्रेनमध्येही घुसखोर आत आल्यावर अनेक महिने दिवे लागतच होते. म्हणून ‘वीज त्यांनी घालवली नाही’ या उत्तरावर समाधान मानणे धोक्याचे. ते आत कसे आले, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही.

भंडाऱ्याच्या आसपास किती वीज आहे, हेही मोजायला हवे. 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या तिरोड्याला अदानी समूहाचे 5 संचांचे औष्णिक केंद्र आहे. प्रत्येक संच 660 मेगावॉट, एकूण 3,300. मुंबईत त्या सकाळी गेलेल्या विजेच्या हे दीडपट होते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. तिथला जलविद्युत प्रकल्प 24 मेगावॉटचा, तिरोड्याच्या जेमतेम 0.7 टक्के. मेगावॉटच्या यादीत गोसीखुर्द तळाशी जाईल. पण धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर भंडारा आणि पवनी विसरलेली नाहीत. धरणात घुसखोरी ही नुसती कल्पना नाही: नॉर्वेत ब्रेमांगर इथल्या एका छोट्या धरणाचा व्हॉल्व्ह एप्रिल 2025 मध्ये घुसखोरांनी दुरून उघडला. सेकंदाला सुमारे 500 लिटर पाणी 4 तास जात राहिले, म्हणजे 7,200 घनमीटर. नुकसान झाले नाही, कारण नदीपात्राची क्षमता त्याहून कितीतरी मोठी होती. नियंत्रण यंत्रणेचा पासवर्ड कमकुवत होता, असे सांगितले गेले. गोसीखुर्दसारख्या धरणाचे दरवाजे कधी दूरनियंत्रणाखाली आणायचे झाले, तर धोक्याचा हिशेब मेगावॉटमध्ये न करता खालच्या गावांच्या संख्येत करावा लागेल.

छपरावरच्या सौर पॅनलकडेही थोडे पाहायला हवे. मार्च 2025 मध्ये फोरस्काउटनेच सनग्रो, ग्रोवॉट आणि एसएमए या तीन उत्पादकांच्या सौर प्रणालींतले 46 नवे दोष जाहीर केले. एका घरातला 3 किलोवॉटचा इन्व्हर्टर बंद पडला तर ग्रिडला जाणवणारही नाही. असे 1 लाख इन्व्हर्टर एकाच क्षणी बंद पडले तर 300 मेगावॉट जातात.

कायद्याची बाजू कागदावर बरीच सुधारली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये वीज क्षेत्रासाठी स्वतंत्र सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि नोंदी 180 दिवस जपणे बंधनकारक आहे. पण 6 तासांची मोजणी लक्षात आल्यापासून सुरू होते. लक्षात यायला कोणत्या उपकेंद्रात कोणता रिले आहे, त्यात कोणत्या आवृत्तीचा फर्मवेअर आहे, याची यादी हाताशी लागते. ही यादी ज्या विभागाकडे अद्ययावत आहे, त्याला नव्या दोषाची बातमी आली की एका दुपारी उत्तर देता येते. नसेल, तर आधी उपकेंद्रोपाठ उपकेंद्र हिंडावे लागते.

युक्रेनला 2015 मध्ये वाचवले ते माणसांनी. नियंत्रण कक्षातले संगणक पुसले गेले होते, उपकेंद्रांशी बोलणारी उपकरणे कायमची निकामी झाली होती. तरीही 6 तासांच्या आत सगळीकडे वीज आली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांत गेले आणि हाताने ब्रेकर लावले. हे काम त्यांना येत होते. भारतात एकीकडे दुरून चालणाऱ्या उपकेंद्रांकडे वाटचाल आहे. पॉवरग्रिड ही केंद्राची पारेषण कंपनी मानेसरहून देशभरातल्या उपकेंद्रांवर नजर ठेवते आणि ती चालवते. यातून खर्च वाचतो, हे खरे. त्याच वेळी ऑपरेटरची पदे रिकामी ठेवणे म्हणजे त्या 6 तासांचे 60 तास करण्याची तयारी आहे, असे मला वाटते.

भंडाऱ्यापुरते सांगायचे तर महावितरण आणि महापारेषण यांनी दरवर्षी रोवणीच्या आधी, मे महिन्यात, एक दिवस स्काडा बंद आहे असे धरून जिल्ह्याचे काही फीडर हाताने बंद-चालू करण्याचा सराव करावा. किती मिनिटे लागली ते जाहीर करावे. मोहाडीला 40 मिनिटे लागली आणि लाखांदूरला 3 तास, असे उद्या समोर आले, तर पुढच्या वर्षी माणूस आणि गाडी कुठे द्यायची हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.