दंतविभागाची खतावणी

खतावणी कशी असावी, हे आमच्या सभासद बंधूंना सांगण्याचे प्रयोजन नाही. मुनीम बदलला तरी खाते वाचता आले पाहिजे, आणि दुरुस्त केलेली मूळ नोंद खाली दिसत राहिली पाहिजे, हा पेढीवरचा जुना दंडक होय. ज्यांच्याकडे धर्मादाय दवाखान्याचे विश्वस्तपद आहे, त्यांच्यापुढे दंतविभागाचे केसपेपर संगणकावर नेण्याचा प्रस्ताव आज ना उद्या येणारच. त्याची पारख याच दंडकाने करावी, असे आम्हांस वाटते.

पहिली कसोटी दाताच्या क्रमांकाची. प्रौढ माणसास ३२ दात असतात. अमेरिकेत ते १ ते ३२ असे ओळीने मोजतात. त्या पद्धतीत ११ म्हणजे वरचा डावा सुळा. जागतिक दंतसंघटनेच्या दोन अंकी पद्धतीत पहिला अंक जबड्याची बाजू व दुसरा मध्यापासूनचे स्थान दाखवितो. तेथे ११ म्हणजे वरचा उजवा पहिला पटाशीचा दात. आकडा एक, दात दोन! प्रणाली कोणती पद्धत मानते, हे प्रथम विचारावे. जमाखर्चातील चूक दुरुस्त होते. चुकून उपटलेला दात पुन्हा उगवत नाही.

दुसरी कसोटी श्रमाची. हिरड्यांच्या संपूर्ण तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी माप घेतात. म्हणजे ३२ दातांची १९२ मापे झाली. हातमोजे घातलेल्या दंतवैद्याने ती कशी लिहावी? मदतनीस लागत असेल, तर त्याचा पगारही किमतीत धरावा.

तिसरी कसोटी दोन खात्यांच्या मेळाची. अमेरिकेत सामाजिक आरोग्य केंद्रांचा आरंभ १९६५ साली झाला. तेथे पुष्कळ केंद्रांत डॉक्टर व दंतवैद्य एका छपराखाली असूनही दोघांच्या नोंदी निरनिराळ्या प्रणालींत राहिल्या. रोगी रक्त पातळ करणारे औषध घेतो, हे दात काढणाऱ्यास ठाऊक नसेल, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. आपल्याकडे २०२१ पासून राष्ट्रव्यापी झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आरोग्यखाते क्रमांक आहे. रोग्याच्या संमतीने नोंदी त्याच्याशी जोडता येतील काय, हेही विचारावे.

चौथी कसोटी मालकीची. कंपनीशी करार संपल्यास सर्व नोंदी, क्ष-किरण चित्रांसह, दुसऱ्या प्रणालीस वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे लेखी घ्यावे.

विक्रेत्याने दाखविलेल्या नमुन्यावर मात्र विसंबू नये. आपलेच दहा जुने केसपेपर घ्यावेत. त्यांत एक दुधाच्या दातांचे मूल, एक मधुमेही व एक कवळीधारक असावा. ते आपल्याच कर्मचाऱ्यांकडून भरवून घ्यावेत, लागलेला वेळ व झालेल्या चुका मोजाव्यात, वीज गेल्यावर काय होते तेही पाहावे.

माल पारखल्यावाचून आपण सौदा करीत नाही. गरीब रोग्याला ती पारख करता येत नाही. ती त्याच्या वतीने आपणच केली पाहिजे.